भोवऱ्याची लांबी

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर रक्ताने भरलेली बादली घेऊन एक माणूस उभा होता.

खोटं कशाला सांगू, मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून तो दचकला, तो दचकला म्हणून बादली हिंदकळली, आणि आतला सगळा लालभडक ऐवज माझ्या पांढऱ्या शर्टावर आला.

“रक्त नाही! रक्त नाही हो ते!” तो ओरडला. “पाणी आणि ग्लिसरीन आहे! शाळेची मुलं बघायला येणार होती म्हणून नुसता रंग घातलाय!”

हे सगळं ऐकायला मी शुद्धीवर कुठे होते?

डोळे उघडले तेव्हा मी लिफ्टबाहेरच्या बाकावर आडवी पडले होते आणि तो एका फाईलने मला वारा घालत होता. चेहरा घाबराघुबरा, केस विस्कटलेले, आणि हात कोपरापर्यंत लाल. मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

“बरं वाटतंय का? कोणाला बोलावू? तुम्ही कुठल्या विभागात असता?”

“रक्तप्रवाह,” मी डोळे मिटूनच म्हणाले.

वारा थांबला.

“म्हणजे तुम्ही... वरच्या मजल्यावरच्या भोवरा मॅडम?”

“हो.”

“आणि तुम्हाला रक्त बघून चक्कर येते?”

“माझं रक्त संगणकात असतं,” मी म्हणाले. “तिथे ते निळं दाखवायची सोय आहे.”

तो हसला नाही. म्हणजे, हसू आवरायला त्याने ओठ चावले, छताकडे पाहिलं, खोकला काढला... आणि ते बघून शेवटी मलाच हसू फुटलं. शर्ट कायमचा वाया गेला होता, आणि मी मात्र खी खी करत बसले होते.

माझं काम काय, हे घरी अजून कोणाला नीट कळलेलं नाही. मी आत्याकडे राहते. आत्या शेजारीपाजारी सांगते, “आमची मुलगी रक्ताची डॉक्टर आहे.” मग शेजारच्या काकू मला जिन्यात गाठून गोळ्यांची पाकिटं दाखवतात. मी डॉक्टर आहे खरी, पण गणितातली. माझ्याकडे गोळी नाही, समीकरणं आहेत.

मानेतून मेंदूकडे जाणारी एक धमनी असते. आतून चरबी साचून ती एखाद्या जागी अरुंद झाली, की रक्त तिथून जोरात निसटतं आणि पलीकडे गरगर भोवरा धरतं. भोवऱ्यात रक्त रेंगाळतं. रेंगाळलं की गुठळी व्हायची भीती. तो भोवरा किती लांब असेल हे संगणकावर आधीच काढता आलं, तर कोणावर शस्त्रक्रिया करायची आणि कोणाला सुखाने घरी पाठवायचं हे ठरवायला डॉक्टरांना मदत होईल. इतकी वर्षं मी हाच एक भोवरा धरून बसले होते, आणि तेही दरवर्षी मुदत वाढवून मिळणाऱ्या नोकरीवर.

आता मात्र कायमची जागा निघाली होती. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “हे बघा, समितीची अट एकच आहे. संगणकातला भोवरा आणि खराखुरा भोवरा जुळला पाहिजे. जुळला तर जागा तुमची. नाही जुळला तर... पुढच्या वर्षी मुदत वाढवणं माझ्या हातात नाही.”

“पण खराखुरा भोवरा आणायचा कुठून?”

“तळघरात जा. तिथे एक पंपवाले आहेत. पारदर्शक रबराची धमनी करतात, तिच्यात पंपाने खोटं रक्त, म्हणजे ग्लिसरीनचं पाणी, फिरवतात, कॅमेऱ्याने मोजतात. आणि एक लक्षात ठेवा. मोजमाप दोघांच्या समक्षच करायचं. नंतर एकमेकांवर ढकलाढकली चालायची नाही.”

पंपवाले म्हणजे कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी तळघराचं दार ढकललं आणि त्याने हातातली बादली घाईघाईने पाठीमागे लपवली.

“आज रंग नाही,” तो म्हणाला. “आईशप्पथ.”

तळघरात हाडं गोठवणारा गारठा होता. शेजारच्याच खोलीत मोठे संगणक होते आणि ते तापू नयेत म्हणून तिथे अहोरात्र थंड हवा सोडलेली असायची. ती भिंतीच्या फटींतून इकडे यायची. गंमत म्हणजे त्या संगणकांवर गणितं चालायची ती माझीच! मी वर बसून आकडे पाठवायचे आणि हा खाली कुडकुडायचा.

“म्हणजे गेली काही वर्षं मला सर्दी तुमच्यामुळे होतेय तर,” तो म्हणाला.

“तुम्ही माझा शर्ट घालवलात. फिट्टंफाट,” मी म्हणाले, आणि लागोपाठ शिंकले.

दुसऱ्या दिवशी गेले तर खोली कालच्यापेक्षा बरी वाटली. टेबलापाशी माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती आणि तिथे पायांना छान ऊब लागत होती.

“आज थंडी कमी आहे का हो?”

“अं... पंप. पंप तापतो ना...” असं म्हणून तो कॅमेऱ्याच्या मागे दिसेनासा झाला.

मी पाय पसरून खुशाल बसले. पडद्यावर रबराची धमनी दिसत होती. पाण्यातले बारीक बारीक कण प्रकाशात चमचमत धावायचे, अरुंद जागेतून सुसाट निघायचे, आणि पलीकडे गेल्यावर वळून गरगरायला लागायचे. इतकी वर्षं मी ज्याचं गणित मांडत होते तो भोवरा माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता. मला एकदम भरून आलं.

“काय झालं? पुन्हा चक्कर?” तो धावत आला.

“नाही हो. सुंदर आहे.”

“हो,” तो म्हणाला. पण तो पडद्याकडे बघत नव्हता... असं मला वाटलं. मग मला वाटलं की आपल्याला उगीच वाटतंय.

भोवरा सुंदर होता, पण माझ्या भोवऱ्यापेक्षा लांब होता. चांगला ठसठशीत लांब. पुन्हा मोजला, तरी लांबच.

“तुमचा पंप चुकतोय,” मी म्हणाले.

“तुमचं गणित चुकतंय,” तो म्हणाला.

आणि आमचं भांडण सुरू झालं. काय सांगू, इतकं गोड भांडण मी जन्मात केलं नव्हतं.

“तुमच्या गणितात धमनीची भिंत हलतच नाही,” तो म्हणायचा. “माझी धमनी बघा, प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते, थोडी आक्रसते. तुमची म्हणजे... तोंड पाडून बसलेल्या सासूबाई.”

“सासूबाईंचा फार अनुभव दिसतोय तुम्हाला.”

“छे हो. लग्न कुठे झालंय माझं?” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी घाईघाईने पंपाकडे पाहिलं.

मी वर जाऊन भिंत हलती केली. त्यासाठी कित्येक आठवडे डोकं फोडलं. तरी भोवरे जुळले नाहीत. मग तो पंप उघडून बसला. मग मी जाळी बारीक केली, म्हणजे धमनीचे संगणकात जे इवले इवले तुकडे पाडतात ते आणखी इवले केले. मग त्याने कॅमेरा बदलला. मी रोज खाली जायचे. सकाळी तो ग्लिसरीनच्या पाण्याचा दाटपणा मोजून आकडा मला कळवायचा, तो मी गणितात घालायचे, दुपारी दोघं मिळून भोवरा मोजायचो, आणि तो पुन्हा तेवढाच लांब निघायचा.

आत्या एकदा म्हणाली, “हल्ली ऑफिसला जाताना केस विंचरतेस.”

“मग आधी काय विंचरत नव्हते?”

“आधी बांधत होतीस,” आत्या म्हणाली आणि पेपर वाचायला लागली.

जागेच्या मुलाखतीचा दिवस जवळ आला तशी माझी झोप उडाली. एक वाट होती. गणितात एक आकडा असतो, तो जरा इकडचा तिकडे सरकवला असता तर भोवरा बरोबर लांब झाला असता. कोणाला कळलंही नसतं. मी तो सरकवून पाहिला, जुळलेलं चित्र बघितलं, आणि मग पुसून टाकलं. असल्या गणितावर विसंबून कोणी कोणाची मान कापणार असेल, तर मला ती नोकरी पचली नसती.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाला, “तुम्हाला ही जागा मिळायलाच हवी.” इतक्या पोटतिडकीने माझ्याबद्दल आत्याशिवाय कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी आम्ही भांडलोच नाही, आणि मला घरी जाताना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

समिती आली. म्हणजे सर, नुसती मान हलवणारे दोन सदस्य आणि बाहेरच्या मॅडम. बाहेरच्या मॅडमची कीर्ती अशी की त्यांनी चष्मा खाली ओढला की उमेदवार संपला. “कागद नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी भोवरा दाखवा.”

सगळी वरात तळघरात उतरली. मी माझ्या खुर्चीवर संगणक उघडून बसले. पंप सुरू झाला, कण चमचमले, भोवरा फिरला... आणि माझ्या भोवऱ्याला मागे टाकून पुढे निघून गेला.

बाहेरच्या मॅडमनी चष्मा खाली ओढला.

“तुमचा संगणक म्हणतो भोवरा इथे संपतो. हा तर पुढे चाललाय. कारण?”

“कारण... अजून सापडलेलं नाही,” मी म्हणाले. इतक्या वर्षांचं काम आणि शेवटी सांगायला एवढंच वाक्य.

सरांनी गळ्यातला मफलर काढला. मान हलवणाऱ्यांपैकी एकाने रुमालाने कपाळ पुसलं. बाहेरच्या मॅडम कोटाची बटणं सोडत म्हणाल्या, “तळघरात गारठा असतो म्हणून मला कोट घालून यायला सांगितलं. इथे तर चांगलंच उकडतंय.”

आणि मी बघितलं की पंपवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो वाकला, पंपाला पाणी पुरवणाऱ्या टेबलाखालच्या टाकीत त्याने बोट बुडवलं, आणि तसाच राहिला.

“कोमट आहे,” तो म्हणाला.

“काय कोमट आहे?” सरांनी विचारलं.

“सर, यांचं गणित बरोबर आहे. चूक माझी आहे. आजची नाही... सगळ्या दिवसांची.” तो उभा राहिला. कान लाल झाले होते, पण आवाज स्पष्ट होता. “ग्लिसरीनचं पाणी तापलं की पातळ होतं. पातळ झालं की भोवरा लांबतो. मी दाटपणा मोजतो सकाळी, थंड असताना. तोच आकडा यांना देतो. आणि दुपारी... हीटर लावतो.”

“हीटर? तळघरात? कुठाय?”

त्याने टेबलाखालचं खोकं बाजूला केलं. माझ्या पायांच्या अगदी समोर एक छोटासा हीटर तांबूस होऊन बसला होता आणि त्याला खेटून टाकी होती.

“कशासाठी पण?” सर म्हणाले.

पंप टुक टुक करत राहिला.

“मॅडमना थंडी वाजते,” तो म्हणाला.

“मला?” बाहेरच्या मॅडम म्हणाल्या. “मी तर आज पहिल्यांदा येतेय.”

“तुम्हाला नाही, मॅडम...”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मान हलवणारे दोघेसुद्धा मान हलवायचे थांबले.

“हीटर लावा असं तुम्ही सांगितलंत?” सरांनी मला विचारलं.

“नाही सर. मला वाटलं पंप तापतो. हेच म्हणाले होते, पंप तापतो म्हणून.”

“हा पंप?” बाहेरच्या मॅडमनी तो उचलूनच बघितला. “हा वाटीएवढा?”

पंप वाटीएवढा आहे हे मी रोज बघत होते. उष्णतेचं गणित मला तोंडपाठ आहे. पण ऊब इतकी छान होती की ती कुठून येतेय हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं.

“तुम्ही यांना खोटं का सांगितलंत?” सर आता पंपवाल्यावर घसरले.

“हीटर म्हटलं असतं तर... त्या म्हणाल्या असत्या, कशाला उगीच.”

“बरोबर आहे,” बाहेरच्या मॅडम म्हणाल्या. “बायका असंच म्हणतात.”

सरांनी डोक्याला हात लावला. “बंद करा तो आधी. टाकी थंड होऊ दे, उद्या परत मोजू.”

“माझी गाडी आज संध्याकाळची आहे,” बाहेरच्या मॅडम म्हणाल्या. “उद्याचं मला सांगू नका.”

पंपवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत इतकी शरम होती की मला माझी नोकरी विसरून त्याचीच दया आली. तो बटणाकडे वाकला.

“थांबा!” मी म्हणाले. “बंद करू नका. टाकी आहे तशीच राहू दे. मी गणित बदलते.”

“म्हणजे?”

“आत्ता आहे त्या उबेतला दाटपणा मोजा आणि मला सांगा. मी तो घालते.”

तो मोजायला लागला. दोनदा नळी हातातून निसटली. त्याने आकडा सांगितला, मी टाईप केला, आणि शेजारच्या खोलीत माझे संगणक घुर्र करून कामाला लागले. गणित सुटायला वेळ लागतो. सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

“लग्न झालंय तुमचं?” बाहेरच्या मॅडमनी पंपवाल्याला अचानक विचारलं.

“नाही, मॅडम.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि बिस्किट चहात बुडवलं.

मग माझ्या पडद्यावर निळी रेघ उमटायला लागली. ती त्याच्या कॅमेऱ्याच्या रेघेवरून सरकत गेली, अरुंद जागेतून निघाली, वळली, आणि जिथे त्याचा भोवरा संपत होता तिथेच अलगद संपली. मी श्वास सोडला.

बाहेरच्या मॅडमनी चष्मा पुन्हा वर सरकवला. “जुळत नव्हतं तेव्हा ओढूनताणून जुळवलं नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “ते मला जास्त आवडलं.” मग सरांकडे वळून, “जागा यांना द्या. आणि तो हीटर टाकीपासून लांब ठेवा. काढू नका, लांब ठेवा.”

सर मला जिन्यात म्हणाले, “अभिनंदन! सुटलात एकदाच्या. आता तळघराच्या चकरा बंद. वरच बसा निवांत.”

मी वर गेले. निवांत बसले. ज्या खुर्चीसाठी इतकी वर्षं जीव आटवला ती आता माझी होती, आणि मला ती टोचत होती. मी आत्याला फोन लावला.

“आत्या, मिळाली जागा. कायमची.”

“मग आवाज का असा पडलाय?”

“कुठे काय?”

“तळघर सुटलं वाटतं,” आत्या म्हणाली. “मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस? ठेव फोन.”

मी जिना उतरले. तो टेबल पुसत होता. पुसलेलं टेबलच पुन्हा पुसत होता.

“काही राहिलं का तुमचं? चार्जर?”

“नाही.”

“मग मोजमापाचे आकडे... मी उद्या पाठवतो सगळे.”

“आकडे नकोत. काही काम नाही. अशीच आले.”

त्याने फडकं खाली ठेवलं. “मी माफी मागायला वर येणार होतो. धीर झाला नाही. माझ्यामुळे तुमची नोकरी जात होती. रोज तुम्हाला म्हणायचो तुमचं गणित चुकतंय, आणि चूक माझ्याच टेबलाखाली...”

“ते सोडा. मला दुसरंच विचारायचंय. आज तुम्ही सगळ्या समितीला काहीतरी सांगितलंत. सरांना कळलं, बाहेरच्या मॅडमना कळलं, त्या मान हलवणाऱ्यांनासुद्धा कळलं. मला मात्र अजून कोणी काही सांगितलेलं नाही.”

“काय... काय सांगायचं?”

“त्यांना जे कळलं ते.”

त्याने दोन्ही हात फडक्याला पुसले. मग एका दमात म्हणाला, “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही बाकावर पडल्या पडल्या म्हणालात ना, रक्त निळं दाखवायची सोय आहे, तेव्हापासून. आणि रोज मोजायला बसलो की वाटायचं...” तो अडखळला.

“काय वाटायचं?”

“वाटायचं, आज जुळू नये.” तो घाबरून पुढे बोलत सुटला. “म्हणजे तुमचं नुकसान व्हावं असं नाही हो! जुळावं असंही वाटायचं, देवाशपथ वाटायचं! पण जुळलं की तुम्ही खाली येणार नाही, म्हणून...”

“मलाही,” मी म्हणाले.

“मलाही म्हणजे?”

“मलाही वाटायचं, आज जुळू नये. आणि नोकरी तर माझी जात होती.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, काय आधी पुसावं ते कळेना. मी त्याच्यावर प्रेम करत होते, अगदी स्वच्छ, आकडेमोडीशिवाय, आणि हे कळायला मला आख्खी समिती लागली होती. त्याने हात पुढे केला. नेहमी ग्लिसरीनने बुळबुळीत असलेला तो हात आज कोरडा होता. मी तो धरला.

“पण आता?” तो हळूच म्हणाला. “आता तर जुळलं. उद्यापासून तुम्ही... तू खाली यायचं कारण काय सांगणार सरांना?”

“दुसरी धमनी कर,” मी म्हणाले.

“कुठली?”

“कुठलीही. अवघड बघून. लवकर जुळायला नको अशी.”

त्याने विचार केला. मनापासून केला, कपाळाला आठ्या घालून, कामाचा विचार करतात तसा.

“हृदयातून निघते ती मोठी धमनी आहे,” तो म्हणाला. “तिला वळणं आहेत, फाटे आहेत, फाट्यांना फाटे आहेत. ती जुळवायची म्हणजे... आयुष्य जाईल.”

“चालेल,” मी म्हणाले.